ओठांचा जप

यंदा गंगेचा पूर ऐन पितृपक्षाच्या तोंडावर उतरला आणि जाताना संकठा घाटाच्या पायऱ्यांवर गुडघाभर गाळ टाकून गेला. माणसं पंप लावून गाळ धूत होती. त्या पंपांची घरघर, होड्यांच्या इंजिनांचा फटफटाट, वरच्या गल्लीतला भोंगा, आणि या सगळ्यावर आवाज चढवून वेणीमाधव पुणतांबेकर यजमानांकडून तर्पण करवून घेत होते. यजमान पुण्याचे, नागपूरचे, इंदूरचे. एकेका खेपेला वीस-वीस माणसं चिखलात उभी. शेवटच्याला ऐकू गेलं नाही तर तो पाणी भलत्याच बोटांवरून सोडणार. पहाटे साडेचारपासून दुपारी दोनपर्यंत हे. मग कुणाकडे तरी श्राद्धाचं जेवण, खीर, वडे, आणि घरी येऊन भरल्या पोटी लगेच आडवं. पंधरा दिवस असं चाललं. सर्वपित्रीला दुपारी ते घरी आले, पाणी मागायला तोंड उघडलं, आणि तोंडातून नुसती हवा आली.

"काय म्हणालात?" शरदिनीने स्वयंपाकघरातून विचारलं.

पुन्हा नुसती हवा.

"अहो, जरा मोठ्याने बोला की. सगळा आवाज घाटावरच वाटून आलात का?"

त्यांनी गळ्याकडे बोट केलं. शरदिनीला हसू आलं. बत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाचा आवाज बसलेला तिने पाहिला नव्हता. सकाळी संथा चालू असली की खालच्या गल्लीतला दूधवाला म्हणायचा, पंडितजी का रेडियो खुल गया. तोच रेडियो आज बंद पडला होता. आपण हसलो, हे पुढे तिला फार दिवस टोचत राहिलं.

तीन दिवस घरचे उपाय झाले. शेजारच्या लतिकावहिनींनी ज्येष्ठमधाच्या काड्या आणून दिल्या, मिठाच्या गुळण्या सांगितल्या, हळदीचं दूध सांगितलं. "आमच्या ह्यांचा गळा कुलंजनाने एका दिवसात खुलला होता," असं त्या रोज येऊन सांगत. वेणीमाधव सगळं चघळत, गिळत, थुंकत राहिले. चौथ्या दिवशी आवाज थोडा परतला, पण तो त्यांचा नव्हता. फाटका, खरखरीत, दर दोन शब्दांनी तुटणारा. त्या आवाजात त्यांनी घरी आलेल्या पाठशाळेतल्या मुलांना संथा द्यायला घेतली, आणि मुलं हसू दाबत जमिनीकडे बघू लागली. वेणीमाधव उठून आतल्या खोलीत जाऊन बसले. तेव्हा शरदिनीने कपाटातून बाहेरची साडी काढली.

दवाखान्यात नाक-कान-घशाच्या विभागापुढे ही गर्दी. कुणाच्या कानातून पू वाहतोय, कुणी नाकाला ओला रुमाल लावून डोकं पुढे वाकवून बसलंय, एका पोरीने नाकात हरभरा घातलाय आणि तिच्यापेक्षा तिची आईच जास्त रडतेय. दोन तासांनी आतून हाक आली, "पुनतामकर! पुनतामकर कौन है?" वेणीमाधवांनी आयुष्यभर लोकांचे उच्चार सुधारले होते. तोंड उघडून त्यांनी मिटलं आणि आत गेले.

डॉक्टरीण मधुराच्याच वयाची होती. मधुरा म्हणजे त्यांची मुलगी, लखनौला बँकेत. डॉक्टरणीने त्यांच्या नाकात औषधाचा फवारा मारला आणि एक बारीक काळी नळी आत सरकवली. पडद्यावर ओला गुलाबी बोगदा दिसू लागला. तळाशी दोन पांढऱ्या पट्ट्या उघडमीट करत होत्या, आणि दोन्हींच्या कडेला समोरासमोर एकेक फुगवटा.

"ये आवाज़ की डोरियाँ हैं, माताजी. और ये देखिए, दोनों पर गाँठ."

गाठ म्हटल्याबरोबर शरदिनीने टेबलाची कड धरली.

"अरे नहीं, वो वाली गाँठ नहीं," डॉक्टरीण घाईने म्हणाली. "तबला बजानेवाले के हाथ में घट्ठे पड़ते हैं ना? वैसे ही. चिल्ला-चिल्लाकर पड़े हैं. ऊपर से एसिडिटी, खाकर सो जाते होंगे." मग ती वेणीमाधवांकडे वळली. "तीन हफ़्ते बोलना बिल्कुल बंद. फुसफुसाना भी नहीं. पानी ख़ूब, भाप दिन में दो बार, रात का खाना जल्दी. तीन हफ़्ते बाद देखेंगे."

शरदिनीने मान डोलावली. रिक्षात बसल्यावर तिच्या जिवातला घोर उतरला आणि तिला थट्टा सुचली. "फुसफुसाना भी नहीं म्हणे! तुम्हाला कुणाशी कुजबुजायचंय हो या वयात?" वेणीमाधवही हसले, बिनआवाजाचे. ते तीन शब्द चिठ्ठीवरही लिहिलेले होते. दोघांनी ते वाचले आणि चिठ्ठी देवघरातल्या ताम्हनाखाली ठेवून दिली.

पहिले दोन-तीन दिवस, खरं सांगायचं तर, शरदिनीला बरं वाटलं. सकाळी कुकरची शिट्टी स्पष्ट ऐकू आली. कबुतरं ऐकू आली. चहात साखर कमी, वरणात मीठ जास्त, असलं काही कुणी बोललं नाही. मग मात्र त्या शांततेचा जाच सुरू झाला. घरात एक पाटी आणली होती, तिच्यावर वेणीमाधव लिहीत, पण लिहिणार तेही ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून, सावकाश. तोवर दूध उतू जायचं. बोलावण्यासाठी ते देवघरातली घंटा वाजवत. दिवसातून चाळीस वेळा घंटा. ती पीठ मळत्या हातांनी धावत जायची, तर ते पंख्याकडे बोट दाखवत.

"पंखा लावू?"

मानेने नाही.

"बंद करू?"

नाही.

"मग काय त्याची आरती करू?"

तेव्हा ते पाटीवर लिहीत : पंख्यावर जाळे आहे.

बाहेर आणखी वाईट. मुका म्हणजे बहिरा, अशी लोकांची पक्की समजूत. भाजीवाला त्यांच्या कानाशी ओरडून भाव सांगायचा. मधुरा फोनवर तोंड दाखवून "बाबा, आर यू ओके? हाथ हिलाओ ना!" असं लहान पोराशी बोलल्यासारखं बोलायची. इंदूरचे एक जुने यजमान आले, शरदिनीने सगळं समजावून सांगितलं, आणि जाताना ते तिला म्हणाले, "आता दुसरं कुणी चांगलं सुचवा." हे त्यांनी वेणीमाधवांसमोर, ते खोलीतच नसल्यासारखं म्हटलं. यजमान जिना उतरून गेल्यावर वेणीमाधवांनी पाटी भिंतीवर फेकली. तिचा एक कोपरा उडाला.

आणि खरी टांगती तलवार वेगळीच होती. मागच्या गल्लीतल्या मठात त्यांची वेदपाठशाळा. तिचे प्रमुख नीलकंठशास्त्री, वय ऐंशीच्या पुढे, कान गेलेले, पण कानात यंत्र घालायची त्यांना लाज. वैकुंठ चतुर्दशीला मठात वर्षाचं पारायण असतं. त्या दिवशी मुख्य पाठकाच्या आसनावर जो बसतो, त्याच्याकडे पुढच्या वर्षाची मुलं जातात, असा तिथला रिवाज. अकरा वर्षं त्या आसनावर वेणीमाधव बसत होते. नवरात्र संपल्यावर शास्त्रीबुवा काठी टेकत स्वतः आले.

"वेणू," ते ओरडले. त्यांचं साधं बोलणंही ओरडणंच असे. "चतुर्दशीपर्यंत ठीक होशील ना?"

वेणीमाधवांनी जोरजोरात मान डोलावली.

"काय म्हणतो हा?"

"होतील म्हणतात," शरदिनी त्यांच्या कानाशी ओरडली.

"झाला तर उत्तमच. नाही झाला तर विश्वेशला बसवावं लागेल. आसन रिकामं नाही ठेवता येत, काय?"

विश्वेश हा वेणीमाधवांचाच शिष्य. याच खोलीत, याच खिडकीखाली बसून शिकलेला. म्हाताऱ्याचं बरोबर होतं, यात काही शंका नव्हती, आणि म्हणूनच शरदिनीला त्याचा भयंकर राग आला.

त्या दुपारी वेणीमाधव खोलीत येरझाऱ्या घालत होते. कोंडलेला माणूस आता फुटतोय की काय, असं तिला वाटलं. आणि तेव्हा ती कल्पना तिला सुचली. तिलाच सुचली, पुढे ती कुणावर ढकलायची सोय नव्हती.

"अहो, असे फिरू नका. गायत्रीचं पुरश्चरण का नाही करत? सव्वा लाख जप. आवाज परत यावा म्हणून. नाहीतरी बसूनच आहात."

त्यांनी पाटी उचलली. तुटक्या कोपऱ्याच्या पाटीवर लिहिलं : बोलणे बंद आहे.

"मोठ्याने कुठे म्हणायचंय? उपांशु करा. जप म्हणजे काय बोलणं आहे का?"

हे दोघांनाही एकदम पटलं. जपाचे तीन प्रकार, हे पुरोहिताच्या घरात मांजरालाही ठाऊक असतं. मोठ्याने म्हणायचा तो वाचिक. मनातल्या मनात तो मानस. आणि या दोहोंच्या मधला उपांशु : ओठ हलतात, आत श्वास फिरतो, पण शेजारी बसलेल्यालाही शब्द कळत नाही. वेणीमाधवांचा आयुष्यभराचा जप हाच. दुसऱ्या दिवशी संकल्प सोडला आणि रोज तीस माळा सुरू झाल्या.

घरात पुन्हा जीव आला. पहाटे ते लोकरीच्या आसनावर बसत, जपमाळेच्या गोमुखीत हात, डोळे मिटलेले, ओठ भराभर चाललेले आणि त्यांतून बारीक सस्‌सस्‌ अशी हवा. शरदिनी शेजारी बसून वाती वळायची. तिला त्या हवेचा आधार वाटे. येरझाऱ्या थांबल्या, घंटा थांबली. माळा रात्रीच्या आत संपाव्यात म्हणून दुपारची झोपही त्यांनी सोडली. वाफ वेळेवर, पाणी वेळेवर, जेवण सात वाजता. लतिकावहिनी यांना बोलायला लावतील म्हणून तिने वहिनींना जिन्यावरूनच वाटेला लावायला सुरुवात केली. एवढं सांभाळल्यावर आवाज न येऊन जाईल कुठे?

धनत्रयोदशीला ते पुन्हा दवाखान्यात गेले. पंचावन्न हजार जप झाला होता. पुन्हा फवारा, पुन्हा ती काळी नळी. डॉक्टरीण पडद्याकडे बघत राहिली आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"ये तो बढ़ गया है. आप बोलते रहे हैं."

वेणीमाधवांनी मान हलवली. नाही.

"बोलते रहे हैं, पंडितजी. सूजन साफ़ दिख रही है."

"एक शब्द नहीं बोले!" शरदिनीचा आवाज चढला. "मैं गवाह हूँ. एक अक्षर नहीं!" तिचा संताप अनावर झाला. तीन आठवडे घंटा वाजवून घेतली, पाट्या फोडून घेतल्या, ते हे ऐकायला? त्या पोरीची मशीनच बिघडली असेल. ती मराठीतच पुटपुटली, "हिला काय कळतंय डोंबल."

डॉक्टरीण कागदावर काही लिहू लागली. लिहिता लिहिता तिने वर पाहिलं आणि तिचा हात थांबला. वेणीमाधव खुर्चीवर बसले होते, उजवा हात गोमुखीत, आणि ओठ चालू होते. वेळ वाया जाऊ नये म्हणून.

"ये क्या कर रहे हैं?"

"जप है. उपांशु," शरदिनी म्हणाली. "मन का नहीं, ज़ोर का भी नहीं. बीच का."

"ज़रा करते रहिए." डॉक्टरीण उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि तिने आपला कान त्यांच्या ओठांपाशी नेला. खोलीत तेवढीच बारीक सस्‌सस्‌ उरली. मग ती सरळ झाली. "माताजी, इसी को तो फुसफुसाना कहते हैं."

शरदिनीने त्यांच्या गोमुखीवर हात ठेवून माळ थांबवली.

"फुसफुसाने में डोरियाँ और खिंचती हैं. धीरे बोलने से भी ख़राब है ये. दिन में कितना करते हैं?"

"तीस माला."

"मतलब?"

"चार-पाँच घंटे," शरदिनी म्हणाली. तिचा स्वतःचाच आवाज तिला दुसऱ्या कुणाचा वाटला.

डॉक्टरीण रागावली नाही, हे आणखी वाईट. ती खुर्चीत बसून समजावू लागली. ऑपरेशन लगेच नको. आणखी एक महिना, या वेळी खरोखर गप्प. ओठसुद्धा हलता कामा नयेत. मग दवाखान्यातल्या एका बाईंकडे पाठवीन, त्या बोलायला शिकवतात, गळ्यावर ताण न देता शब्द कसा काढायचा ते. ज्या माणसाने तीस वर्षं लोकांना शब्द काढायला शिकवलं, तो समोर बसून हे ऐकत होता. एक महिना म्हणजे वैकुंठ चतुर्दशी गेली, हे दोघांनीही मनात मोजलं.

गोदौलियाच्या बाजारात धनत्रयोदशीची गर्दी, भांड्यांच्या दुकानांपुढे पाय ठेवायला जागा नाही. रिक्षा अडकून पडली. वेणीमाधवांनी खिशातून डायरी काढून त्यात लिहिलं आणि तिच्यापुढे धरलं : माझे पंचावन्न हजार?

"ते पोचले," ती म्हणाली. "तिथे, गळ्यात. गाठी होऊन."

बोलून गेल्यावर तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. त्यांनी डायरी मिटली आणि भांड्यांच्या दुकानांकडे बघत बसले. कल्पना तिची, चिठ्ठी वाचलेली तिने, साक्ष दिलेली तिने, आणि वर टोमणाही तिचाच. रडूही येईना, इतकी ती चिडली होती.

त्यानंतरचे दिवस तिने पहारा केला. संकल्प मोडायचा नव्हता, म्हणून पुरश्चरण मानस करायचं ठरलं. शास्त्रात मानस जप सगळ्यांत श्रेष्ठ. पण शास्त्र लिहिणाऱ्याला वेणीमाधवांच्या ओठांची माहिती नव्हती. पन्नास वर्षांची सवय. ते डोळे मिटून बसत, क्षणभर ओठ मिटलेले राहत, आणि मग खालचा ओठ आपोआप थरथरू लागे. "ओठ!" ती स्वयंपाकघरातून ओरडे. ते दचकून थांबत. दोन मिनिटांनी पुन्हा. "अहो, ओठ!" पोळी लाटता लाटता, कपडे वाळत घालता घालता, दिवसभर तिचं एकच, ओठ, ओठ. खालचा दूधवाला विचारू लागला, माताजी किसको डाँटती हैं? एकदा त्यांनी चिडून उपरणं तोंडाला बांधलं, तर उपरण्याखाली ओठ हलताना दिसले. त्या दिवशी दोघंही जेवली नाहीत.

शेवटी तिनेच एके सकाळी त्यांच्यापुढे गंगेचं पाणी भरलेला गडू ठेवला. "एक घोट तोंडात धरा. गिळायचा नाही, थुंकायचा नाही. हलवा आता ओठ."

पहिल्या दिवशी तीन धोतरं ओली झाली. दुसऱ्या दिवशी दोन. बत्तीस वर्षांच्या संसारात तिने त्यांना इतकं ओशाळलेलं पाहिलं नव्हतं. हनुवटीवरून पाणी ओघळायचं आणि ते बघायचे ती बघतेय का. ती बघायची नाही. वाती वळत राहायची. आठवड्याभरात एक माळ कोरडी पार पडली. मग दोन. आता घरात सस्‌सस्‌ही नव्हती. मधल्या वेळी पाठशाळेच्या मुलांच्या संथेचे आवाज लांबून मठातून येत, तेवढेच.

वैकुंठ चतुर्दशीला ते पारायणाला जाणार नाहीत, असं तिला वाटलं होतं. सकाळी पाहते तर ते मुकटा नेसून, कपाळाला भस्म लावून, हातात गडू घेऊन जिन्यात उभे.

मठाच्या चौकात सतरंज्या घातल्या होत्या. मुख्य आसनाशी विश्वेश उभा होता. वेणीमाधवांना पाहताच तो लगबगीने आला आणि त्याने पायांवर डोकं ठेवलं. "गुरुजी, तुम्ही सांगाल तर मी नाही बसत." त्याचे डोळे खरोखरच भरले होते. वेणीमाधवांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आसनाकडे बोट केलं, आणि स्वतः भिंतीला टेकून मागच्या रांगेत बसले. बसल्यावर गडूतून एक घोट घेतला आणि ओठ मिटले.

शरदिनी बायकांच्या बाजूला, खांबाशी बसली. तिथून तिला ते दिसत होते.

विश्वेशचा आवाज चांगला होता, हे नाकारून चालणार नव्हतं. मुलं त्याच्यामागे हाताने स्वर दाखवत म्हणत होती, सगळे हात एकदम वर, एकदम खाली. शास्त्रीबुवा डोळे मिटून डोलत होते, तालावर नव्हे, अंदाजाने. पारायण रुद्राशी आलं. रुद्राच्या पाचव्या अध्यायात एक अवघड जागा आहे. तिथे स्वर खाली उतरायला हवा आणि प्रत्येक नव्या मुलाचा तो वर जातो. तीस वर्षं वेणीमाधव त्या जागेवर प्रत्येकाला अडवायचे. पुन्हा म्हण. पुन्हा. ती स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता ऐकायची, आणि कधीतरी मुलाचा स्वर बरोबर उतरला की आतला आवाज थांबायचा. ते बोलत नसत. दोनदा मान डोलावत, झालं. तीस वर्षांत ती जागा तिच्या कानात पक्की बसली होती.

ती जागा आली आणि विश्वेशचा स्वर वर गेला.

घाबरला होता पोरगा, घसा कोरडा पडला असेल. त्याच्यामागोमाग सगळी मुलंही वर गेली. शास्त्रीबुवा डोलतच होते. वेणीमाधवांची पाठ ताठ झाली. उजवा हात वर उठला, खाली आला, पुन्हा उठला, खाली आला. पण विश्वेशचे डोळे मिटलेले होते. तशीच जागा पुढच्या ओळीतही येत होती आणि तो पुन्हा वरच जाणार होता. वेणीमाधवांच्या गळ्याची घाटी हलताना शरदिनीला लांबून दिसली. आता हे पाणी थुंकणार आणि ओरडणार. एका ओरडण्याने आसन परत मिळालं असतं आणि आवाज कायमचा गेला असता. तिने खांब धरला. ओरडू नका, ओरडू नका.

ते ओरडले नाहीत. ओठ हललेही नाहीत. त्यांनी सगळ्या चौकावरून नजर फिरवली, कुणाला तरी हे कळलं आहे का, ते शोधत. कुणालाच कळलं नव्हतं. आणि मग ती नजर खांबापाशी येऊन थांबली.

तिला कळलं होतं. ते तिच्या तोंडावर लिहिलेलं असावं. पण बाईमाणसाने ते या चौकात म्हणायची सोय नव्हती. त्यांना डॉक्टरणीने एक महिना बंदी घातली होती, तिला कुणी घातली हे विचारायचंही तिला कधी सुचलं नव्हतं. विश्वेश तिसऱ्यांदा वर गेला. संतापाने तिच्या कानशिलात घणघण होऊ लागली, आणि तिला कळायच्या आत तिचे ओठ हलले. नुसती हवा. शेजारच्या लतिकावहिनींनाही ऐकू गेलं नसेल. सगळी ओळ, आणि त्या जागेवर स्वर खाली, जसा हवा तसा.

भिंतीशी बसलेले वेणीमाधव तिच्या ओठांकडे बघत होते. तोंडातलं पाणी त्यांनी गिळलं आणि दोनदा मान डोलावली.